निम्मे तांदूळ, निम्मा वेळ

प्रिय चिमे,

तुझं पत्र मिळालं. तुमच्या नातीच्या डोक्यात समचलन शिरत नाही, त्याचं काय करू? आणि बाबा, एकट्याने जमतंय ना? दोन प्रश्न विचारलेस. परीक्षेत करावं तसं सोपा आधी सोडवतो.

नळाखालच्या टाकीत तीन मिनिटांत बारा लिटर पाणी जमतं, तर पाच मिनिटांत किती? पोरगी चौदा म्हणते, कारण तिनाचे पाच झाले म्हणजे दोन वाढले. रागावू नकोस, लहानपणी तूही हेच करायचीस. तिला बेरीज सोडून भागाकार करायला लाव. मिनिटाला चार लिटर. हा चार काही केल्या बदलत नाही, तोच स्थिरांक. त्याला पाचाने गुणलं की वीस. आणि शून्य मिनिटांत शून्य पाणी, हे पटलं की पुढची गणितं ती चुटकीसरशी सोडवेल.

पण सगळंच या चालीने चालत नाही, हेही सांग. मी चांगलाच तोंडावर आपटलोय. तुझी आई गेल्यावर पहिल्यांदा भात लावला. माणसं निम्मी, म्हणून तांदूळ निम्मे, पाणी निम्मं, आणि या शहाण्याने शिजायचा वेळही निम्मा केला! दाताखाली नुसती कचकच. आई असती तर हसून हसून बेजार झाली असती, वर शेजारणीला बोलावून दाखवलं असतं. मी तो तसाच गिळला आणि भांडं घासून ठेवलं.

केरही निम्मा होत नाही गं, खोल्या तेवढ्याच आहेत. मला वाटलं होतं, घरातलं बोलणं तरी निम्मं होईल. मी मुळात घुम्या, तेवढ्यात भागलं असतं. पण ते पार बंदच पडलं. परवा पोस्टमनने नाव विचारलं तर घशातून आवाज फुटेना. दोनदा खाकरावं लागलं. तो बिचारा ओशाळला आणि मीही.

चिमे, तू स्वतः शाळेत गणित शिकवतेस. समचलनासाठी तुला माझी गरज नाही, एवढं कळण्याइतकं डोकं शाबूत आहे. म्हाताऱ्याने चार ओळी लिहाव्यात म्हणून तू प्रश्न काढलास. म्हणून तर हे पत्र लिहायला बसलो, नाहीतर फोनवर नेहमीसारखं मजेत आहे म्हणालो असतो. मी मजेत नाही. मला एकट्याने जमत नाही. तुझ्याकडे राहायला येऊ का?

तुझाच,
बाबा