एकवीस पत्री आणि एक कागद

तिलवारा रोड, जबलपूर
गणपतीचा आदला दिवस

ती. नीलकंठदादास,

धाकट्या रत्नाकरचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? वहिनींची शुगर? इकडे आम्ही सगळे बरे आहोत, बैठक तेवढी ओली आहे.

तुम्ही नागपूरहून पाठवलेला संमतीचा कागद मिळाला. घरामागच्या टेकडीवरचे आपले दोन एकर, तळ्यासकट, कॉलनीवाल्यांना विकायचे आणि त्यावर माझीही सही पाहिजे, हे समजलं. जमीन दोघांच्या नावावर असली तरी मोठे तुम्ही, तेव्हा माझं काही म्हणणं नाही. फक्त काल काय झालं तेवढं कळवतो.

गणपतीच्या एकवीस पत्री आणणं हे आपल्या घरात माझं खातं (बाबांनी यादी लिहून दिली तेव्हा तुम्ही नोकरीला निघून गेला होता, म्हणून सुटलात). पूर्वी अर्ध्या तासाचं काम. नाल्याच्या काठाकाठाने माका, आघाडा, डोरली, रुई तोडत वर चढायचं, तळ्यापाशी अर्जुनाची फांदी ओढायची की खाली. आता नाल्यावर स्लॅब आणि स्लॅबवर कॉलनीचा रस्ता. कॉलनीचं नाव 'हरित उपवन'. गेटवर गार्ड म्हणाला, "अंकल जी, किससे मिलना है?" रजिस्टरात तसा रकानाच होता, मी खरं तेच लिहिलं : आघाडा, माका, डोरली. त्याने शांतपणे फ्लॅट नंबर विचारला.

आत हिरवंगार आहे, खोटं काहून बोलू? पण झाडं सगळी पामची, खाली सगळं एकाच जातीचं गवत, आणि त्यावर एक माणूस औषध फवारून राहिला होता. फुलपाखरू म्हणून दिसलं नाही. शेवटी क्लबहाऊसच्या भिंतीवर दाट वेल दिसली. पान ओढलं, तुटेना. जोर लावला तर दोन हात लांबीची अख्खी पट्टीच हातात आली. वेल प्लास्टिकची होती. सेक्रेटरी मॅडम धावत आल्या. पूजेला पानं पाहिजेत म्हटल्यावर मात्र विरघळल्या. म्हणाल्या, "तो यही ले जाइए ना अंकल, धोकर हर साल चढ़ाइए." क्षणभर मला पटलंही.

मग कुंपणाच्या तारेखालून आपल्या दोन एकरांत शिरलो. तळं काठोकाठ भरलेलं, बेडकांचा गोंधळ, अर्जुनावर खंड्या. तिथे चिखलात बसून (बसलो नाही, घसरलो) पाऊण तासात अठरा पत्री मिळाल्या. केवडा नाल्याबरोबरच गेला. मरवा आणि देवदार तर बाबाही कमानिया गेटच्या बाजारातून आणायचे.

बैठक ओली का, ते राहिलंच. टेकडीवर झाडं होती तोवर पाऊस मुरत मुरत आपल्या विहिरीत उतरायचा आणि वैशाखापर्यंत पुरायचा. आता तोच पाऊस सिमेंटवरून सरळ खाली येतो, चाळीस मिनिटं आपल्या बैठकीत थांबतो आणि निघून जातो. विहिरीत फाल्गुनापर्यंत पाणी टिकतं, तेही वरच्या तळ्याचं. तळं बुजवल्यावर आपण काय प्यायचं, हे मी विचारत नाही. तुमची भावजय विभावरी विचारते. कालपासून तेच विचारून राहिली आहे, आणि मी पेपर वाचून राहिलो आहे. वाईट वाटलं, एवढं मात्र कबूल करतो. चिखलात बसलो तेव्हाच वाटलं, आणि बराच वेळ उठावंसं वाटेना.

असो. तुम्ही म्हणाल ते योग्यच असेल. वहिनींना नमस्कार, आणि गुडघ्यांना तीळतेल लावत जा.

तुमचा
रत्नाकर

ता.क. : कागदावर दाखवलेल्या दोन्ही जागी सही केली आहे.

ता.क. २ : पत्ता लिहून तुम्ही जे पाकीट पाठवलं होतं, त्यात वहिनींसाठी अठरा पत्री घातल्या. तिकडे बाजारात मिळते त्या जुडीत निम्मी अशोकाची पानं असतात, असं त्याच म्हणत होत्या. पोचेपर्यंत सुकतील, पण मोजता येतील. त्यामुळे कागद काही पाकिटात मावला नाही. तो इथेच, बाबांच्या यादीत घडी घालून ठेवला आहे. दोन्हींपैकी एकच पाठवता येईल असं दिसतं. यंदा पत्री पाठवल्या. पुढल्या वर्षी काय पाठवू, ते सवडीने कळवा.