पोज काढायला यावे

ती. रावजीमामा यांना सोलापूरहून आदिनाथचा वाकून नमस्कार. (वाकताना कमरेत कट असा आवाज येतो, पण व्यायामाच्या ठिकाणी नोकरी असल्यानं कुणाला सांगता येत नाही.) मामींचा गुडघा कसा आहे? अक्कलकोटात ऊन कितपत? दुकानात पासपोर्ट फोटोवाले तरी येतात का? फोनवर तुम्ही मधेच हसत सुटता आणि माझा मुद्दा राहतो, म्हणून लिहूनच कळवतोय.

आमचा फिटनेस स्टुडिओ छताच्या कामासाठी पाच महिने बंद होता. तेवढ्यापुरती साठ जणांची मेंबरशिप 'पॉज' करून ठेवलेली, म्हणजे मधले दिवस धरायचे नाहीत, उघडल्यावर पुढं चालू. आता उघडला तर कुणी फिरकेना. मालक उदयसिंहसर म्हणाले, रविवारपर्यंत निम्मे तरी परत आण, नाहीतर तुझी नोकरीच पॉज करतो. मी घाबरून साठ जणांना मेसेज टाकला. लिहायचं होतं, 'पॉज काढायला रविवारी स्टुडिओत यावे.' घाईत चंद्राच्या जागी मात्रा पडली आणि 'पॉज'चं 'पोज' झालं.

मामा, रविवारी सकाळी जिना भरला की. बायका इरकली नेसून, पुरुष कडक इस्त्रीत, एका घरातनं तर सासू, सून, नात अशा तिघी. पोज काढायची, तीही स्टुडिओत, म्हणजे फोटोच, यात त्यांचं काय चुकलं? मला मात्र भलतंच कुतूहल लागलं. तब्येतीसाठी जी माणसं दोन गल्ल्या चालून येईनात, ती फोटोसाठी तीन मजले चढून कशी आली? एकेकाला विचारत सुटलो. होटगीचा शिवपुत्र (रेल्वेत आहे, शर्टाची शेवटची दोन बटणं लागत नाहीत) म्हणाला, व्यायामाच्या आधीचा फोटो हातात असल्याशिवाय बारीक झालेलं बायको मानणार नाही. गिरिजाबाई म्हणून एक साखरेच्या पेशंट आहेत, पासष्टीच्या. त्या पदर सारखा करत म्हणाल्या, "पोरा, माझा फोटो म्हंजी आधार कार्डावरचा. त्यात मी चोरावानी दिसते. माणसाचा एक तरी बरा फोटो असावा की." मी त्यांना रांगेत सगळ्यात पुढं उभं केलं.

दारात सर खुशीत डोकी मोजत उभे. खरं सांगितलं असतं तर जिना दोन मिनिटांत रिकामा, आणि त्यांच्या मागोमाग मीही खाली. म्हणून मोबाईल वर धरला, प्रत्येकाला 'हनुवटी वर' म्हटलं, आणि जाहीर केलं की पंधरा दिवस न चुकता येईल त्यालाच मोठा फोटो मिळेल. चौतीस जणांनी तिथंच पॉज काढून सही केली. गिरिजाबाई तर रोज सहाच्या ठोक्याला हजर असतात. सरांनी माझी पाठ थोपटली, ती अजून दुखते.

मामींना नमस्कार, पिंकीला लाडाची टपली.

तुमचा भाचा,
आदिनाथ

ता. क. मोबाईल गच्च भरलेला होता, एकही फोटो निघालेला नाही. पंधरा दिवस येत्या रविवारी संपतात. तुमचा मोठा कॅमेरा घेऊन शनिवारच्या एस.टी.नं याच. आधीचे फोटो छापताना बिघडले असं तुम्हीच सांगा, माझ्या तोंडून खरं वाटणार नाही. शिवपुत्र दोन किलो उतरलाय, त्याचा 'आधीचा' फोटो आता कसा काढायचा तेही बघा.

आणखी एक. काल गिरिजाबाईंनी विचारलं, "फोटोत मी हसले व्हते का रं?" मी व्हय म्हणून बसलोय. मामा, बाकीच्यांचं कसंही होऊ दे, तेवढं एक खरं करा.