वैशालीचा डबा

१२ फेब्रु.
सरांनी फर्मान सोडलं. मायनस एटी डिग्रीच्या आमच्या दोन फ्रीझरपैकी थोरली दमलीय, ती बंद करायची. सगळे डबे धाकटीत मावणार नाहीत, म्हणून लॅब सोडून गेलेल्यांची सँपल टाकून द्यायची. ज्यांना हवीत त्यांनी महिनाअखेरपर्यंत कळवायचं. फ्रीझरचा ऑपरेटर मी, काम अर्थात माझ्याच गळ्यात.
तिसऱ्या खणात, अगदी मागं, वैशालीचा डबा. सोडून गेलेली म्हणे! माझी बायको पोस्टडॉकच्या संशोधनाला जर्मनीत गेलीय, दोन वर्षांसाठी. आता तिसरं लागलंय, ते सरांना कशाला सांगा.

१४ फेब्रु.
तिला अजून विचारलं नाही. घरी येताना गाडीत केडगावपर्यंत मेसेज लिहीत आलो, पुसत आलो. डबा टाकू का म्हणजे दुसरं काय? परत येणार का, हेच. तो प्रश्न मी कधीपासून गिळून बसलोय.

१८ फेब्रु., रवि.
वडगाव रासाई. मामांकडं पूजा. जेवण झाल्यावर एकटाच भीमेकडं गेलो. लग्न ठरल्यावर वैशालीला पहिल्यांदा इथं आणलं, तर बाईसाहेब पाहुणचार सोडून खुरपं घेऊन काठावर उकिडव्या. पिशव्यांत माती. मामी माझ्या कानाशी, "आरं, ही माती खाती का काय?" त्याच मातीतले जिवाणू तिनं वाढवले, नळ्यांत भरले, थोरलीत ठेवले.
मामी आज पण, "सूनबाई कवा येणार हाय रं?" मी उसाकडं बघत राहिलो.
फार आठवण येते. बास.

२० फेब्रु.
शहाणपणा केला. डब्यावर नवी पट्टी, 'फॅसिलिटी - कंट्रोल', म्हणजे लॅबचाच डबा वाटावा, आणि गुपचूप धाकटीत सरकवायचा बेत. आमचा नियम: आत कुठं हात घालायचा ते आधी ठरवायचं, मगच दार उघडायचं. नवीन पोरांना मीच शिकवतो. आणि मीच दार सताड उघडं ठेवून, झाकणावरचं तिचं अक्षर वाचत उभा. अलार्म बोंबलला. सर आले.
"काय रे, लग्नाचा अल्बम बघतोयस का?"
पट्टी बघितली. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "नवरा म्हणून जमत नसेल तर ऑपरेटर म्हणून विचार."

२१ फेब्रु.
विचारलं. "थोरली बंद होतेय. तुझा डबा टाकू का?"
दुपारी उत्तर: "टाकू नको!! अजिबात!!"
दोन-दोन उद्गारचिन्हं. दिवसभर हवेत. केडगावला उतरून जिलेबी घेतली. आई म्हणाली, "कशाची रं?" म्हटलं, अशीच.

२२ फेब्रु.
सकाळी दुसरा मेसेज. तिथल्या मॅडमना काम आवडलंय. सँपल तिकडं पाठवता येतील का, ड्राय आइसमध्ये? परवानगीचे कागद ती बघेल.
जिलेबी उरलीय. आईनं गरम करून पुढं ठेवली. मी ताटली बाजूला सरकवली.

१० मार्च, रवि.
फोन. बराच वेळ कागद, कस्टम, नळ्या. शेवटी तोंडातून निघालंच, "तू तिकडं, नळ्या पण तिकडं. मग इथं राहिलं काय?"
ती म्हणाली, "तू हाईस की."
ती अशी गावचं बोलली की मी विरघळतो, तिला पक्कं माहीत आहे.
"आन् तू?"
"आधी सँपल पोचू दे. मग बोलू."
मग म्हणजे कधी, ते विचारायचं राहिलं.

१४ मार्च
कागद आले. आज पेटी भरली.
ड्राय आइस ओतताना मनात आलं, जरा कमी घातला तर? वाटेत कुठं पेटी अडकली की नळ्या वितळतील, माझ्याकडं बोट कोण दाखवणार? नळ्या मेल्या तर नवी माती न्यायला तिला यावंच लागेल. असलं मनात येतं, त्याची लाज वाटते.
काठोकाठ भरला. सर म्हणाले, "अरे, केवढा!" म्हटलं, विमानतळावर राहिली पडून तर? कुरिअरवाला पेटी घेऊन गेला.
मग उरलेले डबे लावले. धाकटीत तिच्या डब्यापुरती जागा उरली. तिथं कुणाचं ठेवू, असं सरांना विचारायला हवं होतं. नाही विचारलं. रिकामा रॅक तसाच आत सरकवला आणि दार लावलं.