शनिवारी दुपारी आईच्या जागी बदली माणूस मिळण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
आपत्कालीन विभागाच्या वरचा मजला.

विषय : डॉक्टर आईला शनिवारी दुपारी मोकळे करणे, अन्यथा बदली माणूस देणेबाबत.
संदर्भ : आपले ‘रजेचा प्रश्नच उद्भवत नाही’ हे पत्र.

महोदय,

सविनय सादर करते की, आपल्या आपत्कालीन विभागातील डॉक्टर ही माझी सख्खी आई आहे. आपल्याकडे असे डॉक्टर तीन प्रकारे ठेवतात : कायम, कंत्राटी आणि गरजेनुसार, म्हणजे बोलावतील तेवढ्या दिवसांपुरते. कायमची जागा रिकामी आहे, पण ती रिकामीच ठेवायचे ठरले आहे. कंत्राटी झाल्यास रुग्णालयाऐवजी ठेकेदार मालक होतो. म्हणून आई गरजेनुसार आहे. गरज संपल्याचे आमच्या घरात कुणाला आठवत नाही.

२. शनिवारी शाळेच्या सभागृहात वक्तृत्व स्पर्धेची अंतिम फेरी आहे. मी पूर्वी वर्गात हजेरी देतानाही अडखळायची; आता माइक सोडत नाही, अशी बाईंची तक्रार आहे. हा चमत्कार आईने पाहिलेला नाही. सरावाला ती हौसेने बसते आणि मी ‘सन्माननीय परीक्षक’ म्हणेपर्यंत झोपी जाते.

३. तिने रजा मागितली. आपले लिपिककाका म्हणाले, “मॅडम, रजा नोकरीतल्यांना. तुम्ही कुठे नोकरीत आहात? नाही यायचं तर नका येऊ की!” आई हरखली. तेवढ्यात ते म्हणाले, “मग पुढच्या महिन्यापासून बोलावणार नाही, एवढंच.” बाबा आईला म्हणतात, “अगं, स्वतंत्रच आहेस तू. दोरी जरा लांब आहे इतकंच.”

४. करारानुसार गैरहजर राहणाऱ्याने समान पात्रतेचा बदली माणूस स्वतः आणून द्यायचा असतो. आईने ओळखीच्या सगळ्या डॉक्टरांना विचारले. तेही गरजेनुसारच असल्याने शनिवारी त्यांची दुसरीकडे गरज आहे.

५. तरी हेच कलम आमच्या घरालाही लावावे. आई माझ्याकडे गैरहजर राहिली तर ती आपल्यामुळे. सबब बदली माणूस आपण द्यावा. आपणही डॉक्टर आहात, म्हणजे पात्रता जुळते. कृपया स्वतः यावे, मोबाइल बंद ठेवावा, मी अडखळले तर ‘हं, पुढे’ अशी मान हलवावी आणि शेवटी न लाजता डोळे पुसावेत.

एवढे झेपणार नसेल, तर आपण खाली आईच्या खुर्चीत बसावे. ते काम त्या मानाने सोपे आहे. तिथे नुसते जीव वाचवायचे असतात.

उत्तराची नव्हे, दोघांपैकी एकाची वाट पाहणारी,
आपल्या गरजेनुसार डॉक्टरांची कायम मुलगी
(इयत्ता दहावी)

दिनांक : स्पर्धेआधीचा सोमवार

सोबत : दुसऱ्या रांगेतल्या खुर्चीचा पास. नाव अजून घातलेले नाही.