सिंधीचा जादा वर्ग

बाबा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला मी सिंधीचा जादा वर्ग का घेतला, हे तुम्ही मला पुन्हा पुन्हा विचारलंत आणि मी दरवेळी "आवडतं म्हणून" एवढंच सांगितलं. तुमचा त्यावर विश्वास बसला नव्हता. बसायला नकोच होता.

शिकायला तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत. विहारातल्या प्रत्येक सभेत पोरांना शिकवा म्हणून सांगणारे तुम्हीच. पण कॉलेजला लागतात तेवढे विषय घ्यावेत, जादा कशाला, आणि तेही सिंधी? अंबरनाथच्या आपल्या खोलीत तुम्ही ताटावर बसलेले आहात, घास हातातच राहिलाय. "ह्याचे मार्क धरणार नाहीत, फी नाही, मग ती बाई आपल्या पोरीला फुकट का शिकवतेय?" तुम्ही हे आईला विचारताय, पण बघताय माझ्याकडे. आई शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणते, "शिकवू दे की. चांगली असेल." त्यावर तुम्ही जे हसलात, ते मला आजही ऐकू येतं. तुमच्या कारखान्यात ज्याने ज्याने गोड बोलून जवळ घेतलं, त्याने पुढे काही ना काही करून घेतलं होतं, आणि ते तुम्ही विसरणारे नव्हतात.

मग एक दिवस तुम्ही पहिली पाळी संपवून थेट उल्हासनगरला कॉलेजात आलात. कारखान्याचे कपडे, हातात डबा. वर्ग सुरू होता. दारात उभे राहून तुम्ही म्हणालात, "मी हिचा बाप. बसलो तर चालेल?" बाईंनी मागचा बाक दाखवला. आम्ही मोजक्याच मुली, फळ्यावर उजवीकडून डावीकडे लिहिलेली अक्षरं, आणि मागे तुम्ही, हाताची घडी घालून. वर्ग सुटल्यावर तुम्ही सरळ विचारलंत, "मॅडम, माझ्याच मुलीला का?"

बाईंनी खडू खाली ठेवला. "भाऊ, खरं सांगू? मुलं नाहीत. आमच्या लोकांची मुलं इंग्लिशच्या मागे आहेत. घरी सिंधी बोलतात, पण लिहा म्हटलं की पळतात. वर्ग रिकामा राहिला तर कॉलेज तो बंद करणार. मग मी कुठे जाऊ? म्हणून जी हो म्हणेल, तिला बसवते. तुमच्या मुलीने हो म्हटलं."

तुमचा चेहरा एकदम सैल झाला. मला वाटलं होतं तुम्ही चिडाल. स्टेशनकडे येताना तुम्ही मला उसाचा रस पाजलात आणि म्हणालात, "जा तू वर्गाला. बाईचा मतलब आहे, तो तिने सांगितला. आता भीती नाही."

माझा मतलब मात्र तुमच्या ध्यानात आला नाही. तो आता सांगते.

आई जिथून शिवायला जीन्सचे गठ्ठे आणायची, त्या विठ्ठलवाडीजवळच्या दुकानात मी तिच्याबरोबर ओझं उचलायला जायचे. शेठ आणि शेठाणी आमच्याशी हिंदीत बोलायचे आणि आम्ही समोर असतानाच आपसात सिंधीत. बोलताना शेठाणी आईकडे बघायची. कधी हसायची. आईला त्याचं काही नव्हतं, पण माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. हे आपल्याला हसतात, आपल्या जातीवरून बोलतात, आईला फसवायचं कसं ते ठरवतात, याची मला खात्रीच होती. बाईंनी वर्गाचं विचारलं तेव्हा मी म्हणूनच हो म्हटलं. मला ते बोलणं पकडायचं होतं. एकदा कळलं की त्यांच्याच भाषेत तोंडावर सुनवायचं, वाक्यंसुद्धा ठरवून ठेवली होती.

दिवाळीनंतर मला बोलणं समजू लागलं. दुकानात मी गठ्ठ्याला गाठ मारत बसायचे, मान खाली आणि कान तिकडे. शेठाणीची सून जेवत नाही. गुडघ्याला तेल कुठलं लावावं. माल उशिरा आला. एवढंच. माझी निराशाच व्हायची. वाटायचं, मी नसताना बोलत असतील.

आणि मग एका रविवारी 'अखियूं' हा शब्द आला. अखियूं म्हणजे डोळे. शेठाणी म्हणत होती, "हिचे डोळे जातायत. आजही बाजूच्या स्टुलाला धडकली. भिंत चाचपत येते." शेठ म्हणाला, "खिशांचं काम देऊ नकोस. सरळ शिलाईचं दे. आणि तिला बोलू नकोस काही, वाईट वाटेल." मी वर बघितलं. शेठाणी आईसाठी सोपा गठ्ठा वेगळा काढत होती आणि आई म्हणत होती, "आज हलकं काम दिलं वाटतं."

सुनवायला ठरवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी आईला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, पण राहिलेली औषधाने टिकेल, असं डॉक्टर म्हणाले, आणि ती टिकली. तुमच्यामागे आई बरीच वर्षं जगली, शेवटपर्यंत स्वतःचा चहा स्वतः करून प्यायली. बाईंचा वर्ग मात्र माझ्यानंतर बंद पडला. त्या कुठे गेल्या, कळलं नाही.

दवाखान्यातून आल्यावर तुम्ही विचारलंत, "तुला कसं कळलं गं?" मी म्हणाले, "सुईत दोरा ओवताना चुकत होती, म्हणून." तुम्ही शेजारपाजारी किती दिवस सांगत होतात, पोरीचं आईकडे बारीक लक्ष आहे. बाबा, माझं लक्ष आईकडे नव्हतं. ते शेठाणीच्या तोंडाकडे होतं.

हे पत्र मी कुठे पाठवणार? पण लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते. मला सिंधी कळतं, हे मी त्या दोघांना कधीच सांगितलं नाही. आजही एखाद्या दुकानात दोन माणसं सिंधीत बोलायला लागली की मी काहीच न कळल्यासारखा चेहरा करते आणि उगीच थोडा वेळ थांबते.