दोन वाफ्यांचा एक खड्डा

४ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेली टोमॅटोची करपलेली पानं पोचली. टोमॅटो करपवणारी पाणबुरशी विहिरीजवळच्या वाफ्यात एका प्रकारची निघाली, कुंपणाकडच्या वाफ्यात दुसऱ्या. एकेकट्या असल्या की रोप मेल्यावर त्याही फार टिकत नाहीत. मी प्रयोगशाळेत दोघींना एकाच बशीत, अंधारात ठेवलं. एरवी मुकी राहणारी जनुकं चौथ्या दिवशी जागी झाली, एकामागून एक. दहाव्या दिवशी जाड कवचाचे सोनेरी गोल बीजाणू दिसले. बाबा, इतके सुंदर, की मी चहा विसरले! पण ते मातीत वर्षानुवर्षं जगतात. म्हणून दोन्ही वाफ्यांतली मेलेली रोपं एकत्र येऊ देऊ नका, जाळून टाका. आईच्या टोमॅटोचं वाण आता फक्त तुमच्याकडेच उरलंय. त्याचीच धास्ती वाटते.

लोभ आहेच, तो असाच राहू द्या.
तुमची ठमी

१० जून

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, पण उशीर झाला गं. मी पडलो शिस्तीचा माणूस! दोन्हीकडची रोपं एकाच खड्ड्यात पुरली, पाणी शिंपडून महिनाभर कुजवली, आणि परवाच ते खत सगळ्या बागेत पसरलं. म्हणजे त्यांचं लग्न मीच लावून दिलं की! तुझी आई म्हणाली असती, नको तिथे कसली टापटीप. संध्याकाळी बागेत खुर्ची टाकून बसलो. माती नेहमीसारखीच, मऊ, ओलसर. तिच्या पोटात ते सोनेरी गोल निजलेत, असं डोळ्यांपुढे येत राहिलं. राग येईना गं, रडू मात्र आलं. मूठभर माती पाठवतोय. काय ते खरं सांग.

तुझा बाबा

१९ जून

ती. बाबांस सा. न.

माती तपासली. आहेत. निदान पाच वर्षं तिथे टोमॅटो नको, बटाटाही नको. पानं मिळाली तेव्हाच मी फोन करायला हवा होता, चुकलंच माझं. गेल्या वर्षीचं बी पाठवा, गच्चीत नव्या मातीत लावते.

रागावू नका.
ठमी

२५ जून

चि. ठमीस आशीर्वाद.

पाच वर्षांनी मी ब्याऐंशीचा होईन. थांबायला वेळ कुणाला आहे? बी पाठवणार नाही. तुझ्या हातून साधा पुदिना जगला नाही, विसरलीस? तू दोन वर्षं बोलावतेयस आणि मी बाग सोडवत नाही म्हणून टाळतोय. शनिवारी बी घेऊन मीच येतो. परतीचं तिकीट काढलेलं नाही. जुने बूट इथेच ठेवतोय, त्यांच्या तळाला बागेची माती आहे. नव्या चपला चावतात, पण चालेन.

तुझा बाबा