चावी हवालदाराच्या ड्रॉवरमध्ये

भांडुप, मंगळवार, ११ फेब्रुवारी १९८६

डोकं अजून तापलेलंच आहे. बाटलीच्या झाकणांचा साचा करून द्यायचा करार. मध्येच नमुना बदलला पार्टीनं, उशीर झाला, आणि फसवणुकीची तक्रार माझ्यावर.

सकाळी पोलीस चौकीत बोलावलं. हवालदारानं माझ्या स्कूटरची चावी मागून घेतली, ड्रॉवरमध्ये टाकली, मला बाकड्यावर बसवलं.

"मला अटक केलीय का?"

"छे हो, कोण म्हणालं? बसा ना."

"मग जाऊ?"

"साहेब येऊ देत."

साहेब आले दुपार उलटल्यावर. म्हटलं, हिशेब चुकता होईपर्यंत साचा माझ्याकडेच राहणार, असं करारात आहे. हा वाद कोर्टातला, यात पोलीस कुठे आले?

"बरोबर आहे तुमचं," ते शांतपणे म्हणाले. "पण साचा देऊन टाका. अटक करायला मला कितीसा वेळ लागतो?"

पार्टीचा टेम्पो बाहेर उभाच होता. चावी ड्रॉवरमध्ये. वर्कशॉपच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. साचा गेला.

आता वकील विचारणार, अटक झाली होती? नाही. कुठे नोंद? नाही. मग तक्रार कसली करू, चावीची?

आणि चावी परत मिळाली तेव्हा मी त्या हवालदाराला थँक्यू म्हणालो.